एका दिवसाआड एक ओळ

पहिल्या दिवशी तीनशे गाईंना मिळून बिटाची एक ओळ द्यायची होती. एकच. समोर आठ हेक्टर पीक उभं. पाला मांडीला लागणारा, गड्डे मातीतून अर्ध्याहून जास्त वर आलेले, असोल्या नारळाएवढे, शेंदरी. गाई तारेच्या अलीकडे उभ्या राहून माना लांब करत होत्या, आणि मालकानं मला तीनदा बजावलं होतं, एक ओळ म्हणजे एक ओळ. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे पचणं अवघड. आमच्याकडे वैरण नसते तेव्हा जनावर अर्धपोटी राहतं. वैरण समोर असून मोजून टाकणारा माणूस गावात कंजूष ठरतो.

मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमध्ये, एका डेअरी फार्मवर कामाला आहे. पहिले दोन हिवाळे मी फक्त सांगेल ते काम केलं. तिसऱ्या वर्षी मालक म्हणाला, या वेळी हिवाळी कळप तू सांभाळ.

इथलं सगळं उलटं. तिकडे आबा मृगाच्या पावसाची वाट बघत असतात तेव्हा इथं ऐन थंडी. जूनमध्ये सूर्य साडेआठला उगवतो आणि पाचला मावळतो. गवत मरत नाही, हिरवंच दिसतं, पण वाढायचं थांबतं. चरलं की चरलं, पुन्हा येत नाही. म्हणून मेअखेर सगळ्या गाई आटवतात, जून-जुलै दोन महिने भाकड ठेवतात, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सगळा कळप एकाच वेळी विऊ लागतो. या दोन महिन्यांत गाईच्या अंगावर मांस चढलं पाहिजे. इथं अंगकाठीला दहापैकी गुण देतात; विताना गाय पाचावर आणि पहिलारू साडेपाचावर असायला हवी. गोठा नाही, गव्हाण नाही. थंडीत, वाऱ्यात, चिखलात गाय उघड्यावरच राहते, आणि तिच्यासाठी उन्हाळ्यात शेतात वाढवून ठेवलेलं कंदपीक ती जागेवरच खाते. काढणी नाही, वाहतूक नाही. कळपच काढणी करतो.

जुन्या काळापासून इथं स्वीड हे पीक. सलगमाचा मोठा, पिवळ्या गराचा भाऊ. हा मुलूख स्कॉटिश लोकांनी वसवला. इन्व्हरकार्गिल शहरातले रस्ते टे, डी, स्पे, एस्क अशा स्कॉटलंडच्या नद्यांच्या नावांचे आहेत. त्यामुळे स्वीड हे इथं नुसतं जनावराचं खाणं नाही, माणसंही उकडून, लोणी घालून, कुस्करून खातात. मालकाच्या घरी मला वाढलं होतं. मिरची नाही, फोडणी नाही. मी पानात टाकलं नाही एवढंच. स्वीडलाही खोडी आहेत. 2014 साली इथं स्वीडवर असलेल्या अनेक गाईंच्या यकृताला इजा झाली, बऱ्याच दगावल्या. थंडी ऊबदार गेली, पीक लवकर फुलावर आलं, आणि फुलावर येताना त्या कुळातल्या झाडांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं वाढतात. मालक त्या वर्षाबद्दल फारसं बोलत नाही.

बीट त्या मानानं नवं. म्हणजे पीक जुनंच, पण शेतात उभ्या बिटावर शेकड्यानं गाई सोडायची रीत गेल्या वीसेक वर्षांत रुजली. लिंकन विद्यापीठातले पशुवैद्यक जिम गिब्ज यांचं नाव त्यात सगळे घेतात. कारण साधं: स्वीड हेक्टरी दहा-पंधरा टन कोरडा चारा, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा, देतं, बीट वीस टन सहज. तेवढ्याच रानात जास्त गाई निघतात. पण बिटात साखर असते. शुगर बीट, आपलं कोशिंबिरीचं लाल बीट आणि हे चारा बीट, तिन्ही एकाच जातीची. मी पहिल्या दिवशी एक गड्डा चाकूनं कापून चाखला. उसाच्या शेंड्याकडच्या कांड्यासारखी फिकट गोडी, मागून मातीचा वास. त्या गोडीतच सगळी भानगड आहे.

पेरणी आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास झाली होती. बी एकेक, गोळीसारखं रंगीत लेप दिलेलं, अर्ध्या मीटरवर ओळी, हेक्टरी नव्वद हजारांच्या आसपास दाणे. ठेकेदार यंत्र घेऊन आला आणि दुपारपर्यंत गेला. त्याआधी मालकानं रानात मीठ टाकलं. मी विचारलं, चुकून तर नाही ना? बिटाचा मूळ पूर्वज समुद्रकाठचा, म्हणून त्याला सोडियम मानवतं. बोरॉनही द्यावं लागतं, नाहीतर गड्डा आतून काळा पडून कुजतो. आमच्या भागात क्षारपड झालेल्या जमिनी घेऊन लोक रडतायत आणि इथं हे पैसे देऊन मीठ पेरतात, हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

तण हा बिटाचा खरा शत्रू. आणि त्यातला सगळ्यात चिवट कोण, तर चाकवत! इथं त्याला फॅटहेन म्हणतात. बीट आणि चाकवत एकाच कुळातले, त्यामुळे बीट न मारता चाकवत मारणारं औषध शोधताना यांच्या नाकी नऊ येतात. दोन-तीन फवारण्या होऊनही तो कुठे ना कुठे डोकं काढतोच. मालक शिव्या घालत होता आणि मी मनातल्या मनात हरभऱ्याची डाळ भिजत घालत होतो. शेतातला औषध मारलेला नको म्हणून त्याच्या परसातल्या भाजीच्या वाफ्यातला उपटून आणला, ताक घालून पातळ भाजी केली, वरून लसणाची फोडणी. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा घरचं जेवल्यासारखं वाटलं. मालकीणबाईंना वाटीभर दिली. त्यांनी चमचाभर खाल्ली आणि विचारलं, हे खरंच ते तण आहे?

मे महिन्यात पहिलं काम, पीक मोजणं. एक मीटर ओळीतले गड्डे उपटायचे, माती झाडायची, पाला आणि गड्डे वेगळे तोलायचे, थोडा नमुना वाळवून कोरडं वजन काढायचं. असं दहा-बारा ठिकाणी. मी फाटकाजवळून सुरुवात केली, कारण वजनकाटा तिथंच होता. हिशेब आला हेक्टरी पंधरा टन. मालकानं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, पिकाकडे पाठ करून उभा राहा आणि काठी मागे फेक. जिथं पडेल तिथलं उपट. फाटकाजवळ ट्रॅक्टर फिरून जमीन दबलेली, तिथले गड्डे बारके. काठीनं निवडलेल्या जागांचा हिशेब आला वीस टन. फरक कागदावर पाच टनांचा, पण गाईच्या पोटात त्याचा अर्थ वेगळा. पंधरा धरून चाललो असतो तर एक किलो समजून टाकलेलं बीट प्रत्यक्षात सव्वा किलोहून जास्त झालं असतं, आणि पहिल्या पंधरवड्यात ते महागात पडतं.

वीस टनांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा. ओळींत अर्ध्या मीटरचं अंतर, म्हणजे एक मीटर ओळीत बरोब्बर एक किलो कोरडा चारा. ओळी तीनशे मीटर लांब, गाई तीनशे. प्रत्येकीच्या तोंडासमोर एक मीटर. एक ओळ उघडली की गाईला एक किलो. नियम असा: दोन दिवस एक ओळ, पुढचे दोन दिवस दोन ओळी, मग तीन. असं करत पंधराव्या दिवशी आठ ओळींवर यायचं. आठ किलो कोरडं म्हणजे ओलं पन्नास-पंचावन्न किलो. बाकीची भूक मुरघासाचे, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोळे आणि बार्लीचं काड यांवर. आणि मुरघास आधी, बीट नंतर. रिकाम्या पोटी गाय बिटावर सोडायची नाही. ज्या गाई अंगानं मोठ्या आणि स्वभावानं दांडग्या, त्या दुसरीच्या वाटचंही खातात. त्यांचं पोट आधी काडानं भरलेलं असलं की जरा सबुरीनं घेतात.

हे सगळं का, ते गावाकडच्या भाषेत सांगतो. लग्नातला उरलेला भात आणि जिलेबी जनावराला घातली की काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. गाईच्या पोटात जिवाणूंची अख्खी जत्रा भरलेली असते. गवत पचवणारे वेगळे, साखर पचवणारे वेगळे. साखर एकदम आली तर आम्ल तयार करणारे जिवाणू भसाभस वाढतात, पोट आंबतं, ते आम्ल रक्तात उतरतं, गाय बसते. साखर पचवणाऱ्यांची आणि आम्ल वापरून टाकणाऱ्यांची फौज उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. ओळ-ओळ वाढवायची ती या फौजेसाठी.

पहिले तीन दिवस तर काही गाई बिटाकडे बघेनातच. वास घेऊन मागे सरकायच्या. काही फक्त पाला ओरबाडायच्या. मग एकीनं गड्ड्याला दात लावले, रस सुटला, आणि दोन तासांत सगळ्या ओळीत कराकरा आवाज. तो आवाज मला फार आवडला. वैरणीच्या कुट्टी यंत्रात ओला मका टाकल्यासारखा.

काम रोजचं असं: पहाटे अंधारात मुरघास टाकायचा, उजाडल्यावर तार पुढे सरकवायची, मग तासभर तिथंच थांबून बघायचं. कोण खात नाही, कुणाचे कान पडलेत, कोण कळपापासून लांब उभी आहे, कुणाचं शेण पातळ आहे. तार म्हणजे आपल्याकडे उसाला डुकरं येऊ नयेत म्हणून लावतात तीच, झटका मशीनची. रिळावर गुंडाळलेली दोरी, त्यात बारीक तारा विणलेल्या. खुंट्या प्लास्टिकच्या, वरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. रीळाला एक आकडी असते, ती कुंपणाच्या जिवंत तारेला अडकवली की झटका सुरू, काढली की बंद.

दहाव्या दिवशी दुपारी गारांचा पाऊस सुरू होता. दुसऱ्या दिवसापासून सहा ओळी द्यायच्या, म्हणून मी आकडी काढली आणि खुंट्या ठोकून घेतल्या. बोटं बधिर झालेली. काम संपलं, रीळ खांबाला टांगलं आणि घरी आलो. आकडी खांबावर तशीच लोंबत राहिली.

गाईला तारेत झटका नाही हे कसं कळतं कोण जाणे. मालक म्हणतो त्यांना तारेची टिकटिक ऐकू येते. पहाटे सातला गाडीचा दिवा पिकावर पडला तेव्हा जिथं डोळे चमकायला नको होते तिथं डोळे चमकत होते. तेवीस गाई. काही मधोमध आरामात रवंथ करत बसलेल्या. खाल्लेल्या गड्ड्यांच्या जागी मातीत वाट्यांसारखे खड्डे, रानभर. मी आधी काय केलं असेल? आकडी लावली. आता तिचा काहीच उपयोग नव्हता, तरी लावली. मग मालकाला फोन केला.

सगळा कळप बिटावरून काढून गवताच्या तुकड्यावर नेला, काड आणि मुरघास पुढे टाकला. दुपारपर्यंत आठ गाई मलूल. कान थंड, चालताना झोकांड्या, दात खात उभ्या. शेण पाण्यासारखं, आंबूस वासाचं, त्यात बिटाच्या फोडी. डॉक्टरीणबाई आल्या. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडायला त्यांनी दाखवलं आणि पुढच्या दोन गाईंना मला सोडायला लावला. गावाकडे नळकांड्यानं पाजताना आबा म्हशीची मान बगलेत धरायचे. इथं लोखंडी खोड्यात डोकं अडकवतात, पण ओशाळलेला माणूस दोन्हीकडे सारखाच घामेजतो. दोन गाईंना शिरेतून औषध द्यावं लागलं. एक रात्रीतून गेली. दोन महिन्यांवर विणारी होती.

मालक ओरडला नाही. तो मेलेल्या गाईचा कानातला बिल्ला कापून घेऊन गेला, वहीत नंबर लिहिला, आणि मला म्हणाला, उद्या परत दोन ओळींपासून. बाकीच्या बऱ्या दिसल्या तरी त्यांच्या पोटावर आता भरवसा नाही.

त्या दिवशी दुपारी एकला घरी फोन लावला, तिकडे सकाळचे साडेसहा, आबा धार काढून नुकतेच बसलेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपली हरणी गेली तीबी अशीच की रं. पाटलाच्या मांडवामागं सुटली आन् भाताच्या टोपल्यात तोंड घातलं. सोडाच पाजलावता आपणबी." मला ते आठवत नव्हतं, मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मग त्यांनी विचारलं, "तार तूच सोडलीवतीस?" होय म्हटलं. "मालकास्नी सांगितलंस?" सांगितलं म्हटलं. "मग जा, जेव जा."

पुढचे दिवस तसे सरळ गेले. सरळ म्हणजे चिखलात. पोटरीएवढा चिखल, गमबूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. हिवाळ्यातल्या या चराईवर इथं वर्तमानपत्रांत बरीच टीका होते, चिखलात बसलेल्या गाईंचे फोटो येतात, आणि मी तिथं उभा राहून सांगतो, टीका सगळी खोटी नाही. म्हणून काही पथ्यं पाळतो. उताराच्या वरच्या अंगानं सुरुवात करून खाली यायचं, म्हणजे वाहून येणारं गढूळ पाणी खालच्या उभ्या पिकात मुरतं. ओढ्याकडेला गवताची पट्टी राखायची, तिच्यात गाय सोडायची नाही. मागच्या चरलेल्या रानालाही तार लावायची, म्हणजे गाई सगळं रान तुडवत बसत नाहीत. जोराचा पाऊस लागला की कळप कोरड्या तुकड्यावर हलवायचा, मग वेळापत्रक बोंबलो.

बिटात फॉस्फरस फार कमी. तो भरून काढायला डायकॅल्शियम फॉस्फेटची पांढरी भुकटी मुरघासावर शिंपडतो, गाईमागे रोज साधारण पन्नास ग्रॅम. वाऱ्यात ती अर्धी माझ्या तोंडावर येते. बिटाच्या पाल्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. उसाच्या वाड्यात असतं तेच. आमच्याकडे गळीत हंगामात वाड्यावर राहिलेल्या म्हशी विताना गारठून बसतात आणि डॉक्टर कॅल्शियमची बाटली लावतात, त्याची निम्मी गोष्ट मला इथं येऊन कळली.

पहिलारू कालवडींचा कळप वेगळा ठेवला होता, त्यांना बीट नव्हतंच. मला आधी वाटलं लाड असेल. मग एकीचं तोंड उघडून बघितलं: दोन दाती. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के यायच्या वयाच्या, हिरड्या हुळहुळ्या. कडक गड्डा त्यांना फोडता येत नाही, शेजारच्या मोठ्या गाई खाऊन जातात आणि या वाळत जातात. दात मोजून बाजारात जनावर घेणारा आमचा गाव, पण दातावरून वैरण ठरवायची हे कधी कुणी केलं नव्हतं.

आषाढी एकादशीला पूर्ण आठ ओळींवर होतो. रात्री पारा शून्याखाली गेला होता, पाला काचेसारखा कडकडत होता. पाला गोठलेला असला की मी तार हलवत नाही, ऊन येईपर्यंत थांबतो. त्या दिवशी साडेदहा वाजले. मोबाइलवर पंढरपूरची महापूजा होऊन गेली होती, तीच लावून गाडीत बसलो. उपवासाला रताळं आणलं होतं. इथं त्याला कुमारा म्हणतात, माओरी लोकांचं फार जुनं पीक, दुकानात बारमाही मिळतं. उकडलेलं रताळं मी काचेच्या आत खात होतो, आणि काचेबाहेर तीनशेला एक कमी गाई त्यांच्या गड्ड्यांची वाट बघत होत्या.

आजारी पडलेल्या आठांपैकी 417 नंबरची गाय पुन्हा बिटाला शिवली नाही. ओळीत उभी राहायची, वास घ्यायची, मागे वळून काडाकडे जायची. आठवडाभर बघितलं आणि मालकाला विचारून तिला कालवडींच्या कळपात टाकली. तिथं ती मुरघासावर राहिली. अंगानं फारशी भरली नाही, साडेचारावरच अडकली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाई विऊ लागल्या तशा एकेक करून बिटावरून निघत गेल्या. मधे आमचे दिवस वाया गेल्यानं खालच्या अंगाला दहा-बारा ओळी उरल्या. त्या उपटून मालकानं शेजाऱ्याच्या मेंढ्यांना दिल्या. मोकळ्या रानात ओट पेरायचा ठरला, म्हणजे जमिनीत साठलेलं मूत-शेणाचं खत पावसानं वाहून जायच्या आत पिकाच्या मुळांना लागेल.

417 नऊ तारखेला पहाटे व्याली. मी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा वासरू उठायची धडपड करत होतं, कालवड, अंगानं बारकी, कपाळावर पांढरा चांद. गाय चाटत होती. मी लांबच उभा राहिलो. परत येताना कुंपणाजवळ थांबलो आणि आकडी चाचपून बघितली. त्या रानात आता गाय नव्हती, पीक नव्हतं, तारेत वीजही नव्हती.